टोपी आजोबांची, डोकं माझं

माझ्या आयुष्यात किस्सा असा घडलाच नाही. यात नशिबाचा दोष नाही; मी स्वतः खबरदारी घेतली. सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : ज्याच्या आयुष्यात फार किस्से घडलेत, त्याला कर्ज देऊ नये. हा नियम मी अर्जदारांना लावला आणि स्वतःलाही लावला. गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ बघायला गेलो, तर मोटारसायकलवाल्याकडे न बघता कठड्याचे खिळे बघत राहिलो. एसटीत खिडकीशी कधी बसलो नाही. लग्न केलं ते ठरवून, गुरुबळ बघून आणि थंडीत केलं; सोलापूरच्या उन्हाळ्यात वऱ्हाडातलं कुणी भोवळ येऊन पडलं, तर तेवढाच एक किस्सा व्हायचा. अशा रीतीनं सांगण्यासारखं काहीही न घडू देता मी निवृत्तीपर्यंत सुखरूप पोचलो, आणि मग लेखक व्हायचं ठरवलं.

गावातल्या एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीचे संपादक ओळखीचे निघाले. ओळखीचे म्हणजे त्यांच्या वडिलांना मी कर्ज नाकारलं होतं. तरीही मुलानं चहा पाजला आणि म्हणाला, "काका, द्या की एखादा लेख." मी दिला. विषय होता सोलापूरचा मार्शल लॉ. लेख अभ्यासपूर्ण होता. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली, बातमी सोलापुरात येऊन थडकली, गिरणीकामगारांचं हे गाव रस्त्यावर उतरलं, पोलिसांनी गोळीबार केला, आणि मग काही दिवस असे आले की शहरात सरकार शोधून सापडेना. १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारे कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. सगळं तारीखवार आणि परिच्छेदांना क्रमांक घालून लिहिलं होतं.

संपादकानं वाचलं, दाढी खाजवली आणि विचारलं, "काका, तुम्ही कुठाय यात?"

"मी १९३० साली जन्मलो नव्हतो," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी. ही माहिती शाळेच्या भाषणात पण असते. वाचकाला माणूस लागतो. स्वतःचा एखादा किस्सा घाला की."

मी पद्धतशीर माणूस आहे. प्रकरण अडलं की आधी जुनी फाइल काढायची, ही बँकेची सवय. मी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन मराठीची जुनी फाइल काढली.

ती उघडल्यावर कळलं की मराठी गद्याची सुरुवातच किश्शांनी झालेली आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर, तेराव्या शतकात, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं होतं त्याच्याकडे जायचं, त्याला विचारायचं आणि लिहून घ्यायचं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. एवढ्या मोठ्या पुरुषाचं चरित्र, पण आत काय आहे, तर कोण रुसलं, कोणी काय रांधलं, वाटेत कोण भेटलं, स्वामी त्याला काय म्हणाले. त्याच सुमाराचा केसोबासांचा दृष्टांतपाठ. त्यात प्रत्येक गोष्टीला तीन भाग. आधी सूत्र, म्हणजे जे सांगायचंय ते. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचा त्या सांगण्याशी संबंध काय, ते उलगडून देणं. हे मला तात्काळ समजलं. सूत्र म्हणजे कर्जाचा अर्ज, दृष्टांत म्हणजे तारण, आणि दार्ष्टांतिक म्हणजे ते तारण याच अर्जदाराच्या मालकीचं असल्याचा दाखला. सातशे वर्षांपूर्वी इतकी चोख कागदपत्रं होत असत, हे वाचून मला मराठी असल्याचा अभिमान वाटला.

तिथून पुढं येत येत आमच्या जिल्ह्यापर्यंत पोचलो. द. मा. मिरासदार १९२७ साली अकलूजला जन्मले, पंढरपूरला शिकले, आणि शंकर पाटील नि व्यंकटेश माडगूळकरांबरोबर गावोगाव कथाकथन करत हिंडले. त्यांच्या भोकरवाडीतल्या नाना चेंगटानं काहीही सांगितलं तरी आपलं काही बिघडत नाही, कारण सांगणारा नाना चेंगट आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक असतं. चि. वि. जोशींचा चिमणराव ज्या खड्ड्यात पडतो, तो बहुतेक वेळा त्यानंच खणलेला असतो. 'स्मृतिचित्रे'तल्या लक्ष्मीबाई टिळक नवऱ्याच्या लहरींबद्दल लिहितात, पण त्याच ओघात स्वतःच्या वेंधळेपणाचीही वरात काढतात. मी वहीत लिहून घेतलं : 'हसू स्वतःवर ओढून घेणे.' खाली दोन रेघा मारल्या, आणि पान उलटलं. पुढच्या काळात ते पान मी पुन्हा उघडलं नाही.

पहिला प्रयोग केला तो सोलापुरी चादरीवर. विषय मोठा होता. तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज, त्यांनी वसवलेला शहराचा पूर्व भाग, हातमाग जाऊन आलेले यंत्रमाग, चादरीवरची नक्षी मागावरच विणून काढणारं जकार्ड, भौगोलिक मानांकन, आणि मानांकन असूनही बाजारात होणारी नक्कल. या सगळ्याच्या आधी मी माझ्या लग्नाचा किस्सा घातला. सासर पुण्याचं. त्यांनी विचार केला, जावई सोलापूरचा, तर मानपानाला सोलापुरी चादरीच द्याव्यात. म्हणून त्यांनी पुण्यात सोलापुरी चादरी विकत घेतल्या, टेम्पोत घातल्या आणि सोलापूरला आणल्या. आमच्याकडच्या मंडळींनी त्या उलगडून बघितल्या आणि एकमेकांकडे बघितलं. किस्सा लिहिताना मला स्वतःलाच हसू आवरेना, त्यामुळे तो जरा लांबला.

रविवारी पुरवणी आली. जागा कमी पडली म्हणून लेख कापला होता, आणि लेख नेहमी खालून कापतात. खाली विणकर होते. ते सगळे गेले. जकार्ड गेलं, पूर्व भाग गेला, मानांकन गेलं. 'सोलापुरी चादर : एका परंपरेचा धांडोळा' या मथळ्याखाली उरलं माझं लग्न. यंत्रमाग चालवणारे एक परिचित भाजी मंडईत भेटले. म्हणाले, "वाचला लेख. लग्न चांगलं झालं की तुमचं."

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. ते आता नव्वदीला टेकलेत, पण बिलं जपून ठेवतात. त्यांनी बिल वाचून दाखवलं. त्या चादरी सोलापूरच्या नव्हत्या, पानिपतच्या होत्या. अस्सल आणि नकली यांतला फरक समजावून सांगणारा माझा लेख ज्या एकुलत्या एक किश्शावर उभा होता, तो किस्साच नकली मालाचा निघाला. पानिपतचा उल्लेख मराठी माणसानं जपून करावा हे मला माहीत होतं. नकळतही होऊ शकतो हे माहीत नव्हतं.

यानंतर स्वतःचे किस्से संपले, कारण लग्नाखेरीज माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मग मी मेव्हण्याचा किस्सा वापरला. पुण्याला जायचं म्हणून तो एकदा सोलापूर स्टेशनवर गाडीत बसला, गाढ झोपला आणि विजापुरात जागा झाला. मी 'मेव्हणा'च्या जागी 'मी' घातलं. व्याकरणाच्या दृष्टीनं एवढाच काय तो बदल. पण बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. मी गाडी सुटायच्या तासभर आधी स्टेशनावर जाऊन डब्याचा क्रमांक दोनदा विचारणारा माणूस, हे सगळ्या शाखेला पाठ होतं. मेव्हणा तर फार दुखावला. म्हणाला, "माझ्याकडं तेवढी एकच गोष्ट होती, दाजी."

अशा अवस्थेत जानेवारी उजाडला. संपादकाचा फोन. "काका, हुतात्मा दिन येतोय. तुमचा तो मार्शल लॉचा लेख काढा. पण ह्या वेळेस माणूस पाहिजे."

मला आजोबा आठवले. १९३० साली आजोबा सोलापुरात होते हे पक्कं होतं. एका आडत दुकानात ते दिवाणजी होते. त्यांच्या गांधी टोपीची आणि मार्शल लॉची काहीतरी गोष्ट आमच्या घरी दर संक्रांतीला सांगितली जायची, हेही पक्कं होतं. मात्र ती सांगितली जात असताना माझं सगळं लक्ष गुळाच्या पोळीवर असायचं. त्यामुळे गोष्टीतली टोपी तेवढी माझ्याजवळ शिल्लक होती, बाकीचं घरंगळून गेलं होतं.

ती गोष्ट पूर्ण माहीत असलेली एकच व्यक्ती आता उरली होती, ती म्हणजे माझी आत्या. ती बुधवार पेठेत राहते. म्हाइंभटांनी आठवणींसाठी गावंच्या गावं पायाखाली घातली, मला एक पेठ ओलांडायची होती. पण आत्याकडे गेलं की आधी जेवावं लागतं, आणि जेवताना ती प्रश्न विचारते. शिवाय लेख दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. आणि मार्शल लॉच्या दिवसांत गांधी टोपी दिसली की सोल्जर ती उतरवायला लावत, हे तर ग्रंथांत नमूद आहे. टोपी होती, सोल्जर होते, आजोबा होते. मधली जागा भरायला असा कितीसा वेळ लागतो?

छापून आलं ते असं. काळ्याकुट्ट रात्री आजोबा निर्भयपणे चालले आहेत. गोरा सोल्जर वाट अडवतो. "टोपी उतार!" आजोबा छाती पुढे काढतात. "मान उतरेल, टोपी उतरणार नाही!" सोल्जरची संगीन थरथरते. मागे सिद्धेश्वराच्या देवळातला घंटानाद. हे सगळं मी मुद्दाम खोटं लिहिलं, असं जे आता आमच्या घरात बोललं जातं, ते मला मान्य नाही. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खोट्यानं कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं का?

बायकोनं वाचलं. म्हणाली, "हे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नाहीत?"

"विनय," मी म्हणालो.

लेख गाजला. सकाळपासून फोन सुरू झाले. शेजारच्या सोसायटीतल्या जिन्यावर मला दोघांनी वाकून नमस्कार केला. दुपारी आमच्या भागातल्या तरुण मंडळाचे कार्यकर्ते आले आणि म्हणाले, "काका, हुतात्मा दिनाच्या कार्यक्रमात आजोबांच्या प्रतिमेचं पूजन ठेवलंय आणि तुमचा सत्कार. फोटो द्या."

आजोबांचा घरात एकच फोटो आहे. त्यात त्यांनी काळी मखमली टोपी घातली आहे. गांधी टोपीसाठी मान द्यायला निघालेला माणूस पुढं जन्मभर काळी टोपी का घालत राहिला, हा प्रश्न तेव्हा मलाही पडायला हवा होता. कार्यकर्त्यांनाही पडला नाही. फ्लेक्सवाला म्हणाला, "दहा मिनिटांत व्हाइट करून देतो, काका." त्यानं टोपी पांढरी केली आणि आपण होऊन मिशाही जरा वर वळवून दिल्या. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. मध्ये आजोबा, खाली मी, आणि सभोवती मंडळाचे सगळे कार्यकर्ते. ते गॉगल घालून होते. आजोबा तेवढे बिनगॉगलचे, त्यामुळे नवखा माणूस त्यांना मंडळाचा सल्लागार समजला असता.

भोगी दुसऱ्या दिवशी होती. आत्या नातसुनेला घेऊन रिक्षानं भोगीच्या भाजीला निघाली होती. पावटा, हरभरा, गाजर, बोरं, वांगी आणि तीळ, यांतलं एकही न विसरणारी ही बाई. तिला स्वतःचा बाप ओळखू येणार नाही, असं मी कोणत्या हिशेबानं धरून चाललो होतो, कोण जाणे. तिनं रिक्षा थांबवली. फ्लेक्स वाचला. नातसुनेला म्हणाली, "भाजी राहू दे. वेळ काय लिहिलीय बघ."

संध्याकाळी मी व्यासपीठावर बसलो होतो. खांद्यावर सत्काराची चादर होती. या वेळी अस्सल सोलापुरी, मी काठ तपासला होता. समोर पहिल्या रांगेत आत्या येऊन बसली. मला वाटलं, भाच्याच्या कौतुकाला आली. मी भाषणात घंटानाद पुन्हा एकदा वाजवला, थोडा जास्तच. टाळ्या झाल्या. निवेदकानं आभारासाठी माइक घेतला, आणि आत्या उठली.

"मी त्याची आत्या. फोटोतला माझा बाप हाय. मला बोलायचंय."

अशा वेळी माइक कोण नाही म्हणणार? तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिनं आधी फोटोकडे बघितलं.

"टोपी कुणी रंगवली बे?" तिनं विचारलं. फ्लेक्सवाला मागच्या मागं निघून गेला.

"माझा बाप लई चांगला माणूस," आत्या म्हणाली, "पण भित्रा. घरात पाल निघाली की आईला हाक मारायचा. आता हे टोपीचं सांगते. मी तवा जन्मले नव्हते, पण आईनं दर संक्रांतीला सांगितलंय आन् बापानं बसून ऐकलंय, कधी नाही म्हणला नाही. टोपी त्यानं देशासाठी घातली नव्हती. टक्कल पडायला लागलं होतं, रुमाल नीट बांधायला येत नव्हता, आन् टोपी स्वस्त होती. तेवढ्यात हे मार्शल लॉ आलं. दुपारची वेळ—" इथं तिनं माझ्याकडे बघितलं, "रात्र नव्हती, दुपार होती. बाप दुकानाच्या दारात. लांबनं बूट वाजल्यासारखं झालं. एवढ्यावर त्यानं टोपी काढली आन् समोरच्या शेंगांच्या पोत्यात खुपसली. सोल्जर आला बी नाही. दुसऱ्या गल्लीनं गेला. पण तवर हमालानं पोतं शिवलं, काट्यावर चढवलं, आन् गेलं की बार्शीला."

सभेत पहिला हशा झाला. मीही हसलो, व्यासपीठावर बसलेल्या माणसाला दुसरा काय इलाज असतो?

"आता बाप बोडका. त्या काळात बोडक्यानं रस्त्यानं कोण जायचं? ज्याच्या घरचं माणूस गेलं तो. घरी येईस्तवर चौघांनी विचारलं, 'कोण गेलं?' टोपीचं नाव तर काढता येत नाही. मग म्हणाला, 'मंगळवेढ्याचा चुलता.' मालकानं ऐकलं, सुतकाची सुट्टी दिली. संध्याकाळी गल्लीतल्या बायका भेटायला आल्या. आईला काय बी माहीत नाही, ती पिठाचे हात घेऊन दारात उभी. बायका रडायला लागल्या, म्हणून आई बी रडली. कोण गेलंय ते तिनं रात्री विचारलं."

आता लोक खुर्च्यांना धरून हसत होते. गॉगलवाले कार्यकर्तेही हसत होते. आत्या काही हसेना. तिनं घोटभर पाणी प्यायलं.

"मार्शल लॉ उठलं. पाऊस पडला. आन् एक दिवशी मंगळवेढ्याचा चुलता ज्वारीचं पोतं घेऊन दारात. शेजारीण पाणी भरत होती, तिनं कळशीच टाकली. आईनं त्याला ओसरीवर बसवलं. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. मेलेल्या माणसानं पोटभर खाल्लं. खाता खाता म्हणाला, 'लोक मला दारात येऊन बघून का जायलेत?'"

"आणि टोपी, आजी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"टोपी आली की दिवाळीला! बार्शीच्या व्यापाऱ्यानं बिलासंगं पाठवली. पोत्यात टोपीच्या वजनाएवढ्या शेंगा कमी, म्हणून वजावट केलेली. ती वजावट मालकानं बापाच्या पगारातनं कापली. स्वातंत्र्याच्या लढ्यात आमच्या घराचा खर्च झाला तो तेवढाच. तवापासनं बाप काळी टोपी घालायचा."

हशा ओसरेपर्यंत ती थांबली. कथाकथन करणारे ज्या थांबण्यासाठी आयुष्यभर सराव करतात, ते थांबणं तिला आपसूक येत होतं.

"हसा की," ती म्हणाली. "पण तो भ्याला म्हणून हसू नका. सगळं गाव भ्यालं होतं. बूट वाजले की दारं लागायची. तसल्या दिवसांत ती चौघं भ्याली नाहीत. आमचा बाप टोपीला भ्याला, म्हणून मला ती चौघं किती मोठी ते कळलं. आन् हा," म्हणजे मी, "हा आमच्या बापाला पाचवा करायला निघालाय."

त्यानंतर कार्यक्रम मंडळाच्या हातात राहिला नाही. एक गृहस्थ उठले. त्यांचे आजोबा त्या दिवसांत ज्वारीच्या कणगीत लपले होते आणि शिंकेमुळे सापडले होते, शोधणाऱ्या शिपायाला नव्हे, स्वतःच्या सासूला. एका बाईंच्या आजीनं खादीच्या टोप्या उसवून बाळाची दुपटी शिवली होती. पूर्व भागातून आलेले एक म्हातारे तेलुगू वळणाच्या मराठीत मागावर लपवलेल्या झेंड्याची गोष्ट सांगायला लागले आणि मधेच रडले. मान उतरवायला तयार असलेल्या माझ्या आजोबांनंतर कुणालाच काही बोलावंसं वाटलं नव्हतं. पोत्यात टोपी लपवणाऱ्या माणसानंतर सगळ्यांना आपापल्या घरचा माणूस आठवला. माझ्या सगळ्या तारखा बरोबर होत्या. पण त्या गावात भीती होती हे माझ्या लेखात कुठंही आलं नव्हतं, आणि तिच्यावाचून त्या चौघांचं धैर्य मोजायला काही मापच नव्हतं. केसोबासांच्या तीन खणांपैकी तिसरा, दार्ष्टांतिकाचा, आत्यानं दोन वाक्यांत भरून दिला. मी पहिल्या दोन खणांत दुसऱ्याचं शौर्य तारण ठेवून मोकळा झालो होतो. बँकेत असतो तर मीच मला नोटीस काढली असती.

संपादक मागच्या रांगेत उभा होता. घरी येऊन म्हणाला, "काका, हे लिहा. जसंच्या तसं."

मी लिहिलं आणि या वेळी बुधवार पेठेत जाऊन आत्याला वाचून दाखवलं. आधी जेवलो. आत्यानं डोळे मिटून ऐकलं. तिची संपादनाची पद्धत सोपी आहे. मी लिहिलं होतं, 'इतिहासाच्या त्या रणरणत्या दुपारी'. ती म्हणाली, "दुपार म्हण की नुसतं." 'भयव्याकूळ मनःस्थितीत त्यांनी शिरस्त्राण दूर सारलं' या वाक्याला ती डोळे उघडून म्हणाली, "कुणी?" पिठाचे हात मी गाळले होते, ते तिनं परत घालायला लावले. शेवटी मी एक परिच्छेद जोडला होता, सामान्य माणूस आणि इतिहास यांच्या नात्यावर. तो तिनं पूर्ण ऐकून घेतला.

"हे कशाला?"

"वाचकाला कळावं म्हणून."

"त्याला कळलं की. तुला कळलंय हे त्याला दाखवायलास तू."

तो परिच्छेद गेला. मग तिनं विचारलं, "आन् ही गोष्ट सांगायचे तवा तू कुठं होतास?"

"इथंच होतो. गुळाची पोळी खात होतो."

"मग ते लिही. म्हणजे कसं बिघडलं ते लोकांना कळंल."

लेख छापून आला. या वेळी कापला नाही. मला जिन्यात कुणी वाकून नमस्कार केला नाही, पण भाजी मंडईत लोक हटकून थांबवू लागले आणि आपापल्या आजोबांच्या भानगडी सांगू लागले. मेव्हण्यानंही फोन केला. विजापूरची गोष्ट त्याला आता स्वतःच्या नावानं छापून हवी आहे.

संपादकानं सदर पुढं चालू ठेवलंय. मात्र नाव आत्याचं असतं. माझं नाव खाली बारीक टायपात येतं, शब्दांकन म्हणून. मानधन आत्या घेते. "तुझं जेवण होतंय की इथं," असं तिचं म्हणणं, आणि ते हिशेबानं बरोबर आहे. दर आठवड्याला मी वही घेऊन जातो, पोटभर जेवतो आणि ती सांगेल ते उतरवून घेतो. मधे एकदा हिंमत करून विचारलं, "आत्या, ह्या सगळ्यात मी कुठं असू?"

"हाईस की," ती म्हणाली. "कुणाला तरी हसायला लागतंय. पुढच्या वेळेस तुझ्या लग्नातल्या चादरींचं घेऊ. पुण्याच्या लोकांनी काय केलं ते तू निम्मंच लिहिलंस. मांडवात तू काय केलंस ते मी सांगते."

"आत्या, निदान नाव तरी बदल."

"बदलते की, न बदलायला काय झालं?" म्हणून तिनं पदर खोचला आणि सांगायला सुरुवात केली. "लिही. आमच्या एका भाच्याच्या लग्नात..."

मी लिहून घेतलं. आत्याला भाचा एकच आहे, आणि हे अख्ख्या बुधवार पेठेला माहीत आहे.